शेवटचं कोण?

१

दादाची मान फोनमुळे गेली, असं डॉक्टर म्हणाले. बायको हेच गेलं वर्षभर सांगत होती, पण तिच्याकडे एक्स-रे नव्हता.

तसा दादाचा धंदाच मान वाकवण्याचा. केस कापायचं दुकान. दिवसभर लोकांच्या डोक्यांवर वाकून उभं राहायचं. एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंत निदान मान सरळ करावी की नाही? तर तेवढ्यात हा फोनवर वाकायचा. जेवताना वाकायचा, अंथरुणात वाकायचा, दात घासतानासुद्धा वाकायचा. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "काम सोडा म्हटलं तर सोडाल का?"

"कसं सोडणार हो?"

"मग फोन सोडा."

दादा सरळ माणूस. घरी आला आणि फोन बायकोच्या हातात देऊन मोकळा झाला. तिच्या फोनची काच कधीची फुटली होती, त्यामुळे तिने एका शब्दाने विरोध केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून बटणांचा साधा फोन आणला. फोन येतो, फोन लागतो आणि डोक्यावर छोटासा दिवा पेटतो, एवढंच त्याचं कर्तृत्व.

धाकट्या भावाने त्याची यथेच्छ चेष्टा केली. "दादा, यात उजेडसुद्धा पडतो वाटतं. कुठल्या कुठे गेलं बघ विज्ञान. आणि बॅटरी किती चालते?"

"आठवडाभर."

"चालणारच. काम काय आहे तिला?"

सुरुवातीला दादाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. हात आपोआप खिशाकडे जाई. खिशात काहीतरी थरथरल्यासारखं वाटे आणि काढून बघावं तर फोन आपला गप्प. मग हळूहळू ती खोड गेली आणि एक दिवस जेवताजेवता त्याच्या लक्षात आलं की आपण बरेच सुखात आहोत. ताटात काय वाढलंय ते दिसत होतं. बायको बोलत होती ते ऐकू येत होतं, आणि ती भारी गमतीदार बोलते हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला नव्याने कळलं. रात्री पाठ टेकली की झोप. सकाळी उठला की मान जागेवर. एवढ्याशा डबीने माणसाचं इतकं भलं होत असेल तर काय हवं?

सगळं छान चाललं होतं. म्हणजे घरी तरी.

२

दुकान लहानसं होतं. समोरच्या भिंतीला लांबच लांब आरसा, त्यापुढे दोन फिरत्या खुर्च्या. आतली दादाची, दाराजवळची धाकट्याची. मागच्या भिंतीला लागून रेक्झिनचा बाक. त्या बाकाला खाली कुठेतरी भोक पडलं होतं, त्यामुळे त्यावर कुणी बसलं किंवा उठलं की तो फुस्स करायचा. गिऱ्हाईकं नंबराने बसत. आतल्या टोकाचा माणूस आधी. तो उठून खुर्चीत गेला की बाकीचे एकेक जागा आत सरकत.

वडील दुकान चालवायचे तेव्हा एक पद्धत होती. दारातून आत येणारा आधी विचारायचा, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करून म्हणायचं, "मी." मग येणारा त्याच्या शेजारी टेकायचा. आपल्या पुढे कोण, मागे कोण, हे ज्याला त्याला ठाऊक असे. त्यातून ओळखी होत, भांडणं होत, आणि एकदा तर चक्क सोयरीक जमली होती. आता कुणी विचारत नाही. येतात, टेकतात, खिशातून फोन काढतात आणि मुंडी खाली घालतात. पुढचा उठला की वर न बघताच सरकतात. दादाने आजवर याची फिकीर केली नव्हती, कारण तो स्वतः त्यांच्यातलाच होता.

आता मात्र त्याला आरशात बाक दिसायचा. खाली घातलेल्या मुंड्यांची अख्खी रांग. दादाला त्यात मजा वाटू लागली, कारण तोंडं दिसत नसली तरी त्याला माणसं कळत. न्हाव्याला माणूस डोक्यावरून ओळखता येतो. मधोमध भोवरा असलेला तो पोस्टमन. उजवीकडे भोवरा आणि त्याच्याभोवती केस ठणठणीत उभे, तो गॅरेजवाला. भोवरा पार कपाळाशी आलेला, आयुष्यभर भांग पाडताना छळणारा, तो बँकेतला कॅशियर. भोवऱ्याच्या वळणाने कात्री न्यावी लागते, नाहीतर केस ऐकत नाहीत. आणि भोवरा नाही असं डोकं नसतं. कुणाला एक, कुणाला दोन, पण असतोच.

त्या दुपारी बाक भरलेला होता. खुर्चीत कॅशियर होता आणि दादा त्याच्या कानामागे कात्री चालवत होता. चालवताचालवता त्याने आरशात नजर टाकली. पोस्टमन, त्याच्या पलीकडे एक जण, त्याच्या पलीकडे गॅरेजवाला. त्या मधल्याचे केस दाट होते, काळेभोर होते, नीट वाढलेले होते. पण त्यांना वळण नव्हतं. भोवरा कुठेच नव्हता.

दादाची कात्री थांबली.

तो माणूस बाकीच्यांसारखाच मुंडी घालून बसला होता. डावा हात मांडीवर उताणा आणि उजवा अंगठा त्या तळहातावरून सावकाश वर सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. तळहातावर काहीच नव्हतं.

बाहेर कुठल्याशा गाडीने कर्कश हॉर्न दिला. बाकावरच्या सगळ्यांनी एकदम वर बघितलं. पोस्टमन आणि गॅरेजवाला यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती.

"काय झालं रे?" कॅशियरने विचारलं.

"काही नाही, साहेब. केस अडकला."

बाकावरच्या मुंड्या पुन्हा खाली गेल्या. दादाही खाली वाकला. पाठीमागे कुणी आत आलं नव्हतं, कुणी उठलंही नव्हतं, तरी बाक बारीकसा फुस्स झाला.

३

दादा भित्रा नव्हता, पण हेकटही नव्हता. तो डॉक्टरांकडे मान दाखवायला गेला तेव्हा त्याने सहज म्हणून विचारलं की फोन सोडल्यावर काहीबाही दिसतं का. डॉक्टर हसले. "मेंदूला रोजचा तमाशा बंद झाला की तो स्वतःच काहीतरी उभं करतो. जाईल आपोआप."

दादाला ते पटलं. घरी येईपर्यंत पटलेलं होतं. मग हातपाय धुताना त्याला वाटलं, आपल्या मेंदूची एवढी झेप कधीपासून? आपल्याला पोरांच्या वाढदिवसाला काय आणावं हे सुचत नाही, त्याला भोवरा नसलेलं डोकं कसं सुचलं?

त्याने धाकट्याला सांगून पाहिलं.

"भोवरा नव्हता? टक्कल असेल."

"केस होते रे दाट."

"मग टोप असेल. दादा, तुझ्या डोळ्यांना आता करमत नाही. जुना फोन वहिनीकडून परत घे, दोन दिवसांत बरा होशील." आणि त्याने कानात फोनचं बोंडूक पुन्हा खुपसलं.

धाकट्याची ही रोजचीच तऱ्हा. आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला. त्यावर सदोदित सामना, नाहीतर कुणाचं तरी भांडण. एक डोळा त्यात, एक डोळा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. हात इतका तयार की आजवर कुणाच्या कानाला ओरखडा गेला नव्हता. डोकं संपलं की चादर फटकन झटकायची आणि मागे न बघता हाक मारायची, "या, पुढचे."

मागे न बघता.

दादाला तो आवाज आता नको वाटायला लागला, कारण बाकावरचा तो एव्हाना त्याला रोज दिसू लागला होता आणि तो एका जागी नसायचा. आज दाराशी, उद्या मधे, परवा आणखी आत. कुणी वर बघत असलं तर तो नसे. सगळ्या मुंड्या खाली गेल्या की असे, आणि बाकीच्यांबरोबर एक जागा आत सरकलेला असे. घाई नाही, धक्काबुक्की नाही. कुणाच्या पुढे घुसणं नाही.

तो नंबराला बसला होता. हे दादाला एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना कळलं.

४

आपण काय करू शकतो, याचा दादाने विचार केला. पोलिसांना काय सांगणार? बाकावर एक जण जास्त बसतो, अशी तक्रार? शेवटी त्याने न्हाव्याला जे जमतं ते केलं. तो बोलायला लागला.

खुर्चीतल्याशी तर तो बोलेच, पण आता आरशातून बाकाशी बोलू लागला. "काय पोस्टमन, कुत्र्यांनी यंदा किती विजारी फाडल्या?" पोस्टमन वर बघायचा. "गॅरेजवाले, ह्यांची स्कूटर आणखी किती दिवस ठेवून घेणार? तिला आता तुमच्याकडेच लग्न करून राहायचंय का?" गॅरेजवाला वर बघायचा, ज्याची स्कूटर तोही वर बघायचा, आणि मग त्यांची जुंपायची. दादाच्या तोंडाचा पट्टा सुटला. वडिलांचे किस्से, बायकोच्या कोट्या, शेजारच्या पोपटाच्या शिव्या, काहीही. दुकान पुन्हा पहिल्यासारखं गजबजलं. लोक केस वाढलेले नसतानाही येऊन बसू लागले. कुणीतरी जुन्या सवयीने दारात उभं राहून विचारलंसुद्धा, "शेवटचं कोण?" आणि दादाला इतका आनंद झाला की त्याने त्याला चहा पाजला.

जितकं बोलणं चाले तितका बाकावरचा तो मागे जाई. दाराशी, अगदी कडेला, अर्धा बाकावर. काही दिवस तर दिसलाच नाही. आपण एखाद्याला टोमणे मारमारून हाकलतोय याचं दादाला मधेच वाईटही वाटे, असला त्याचा स्वभाव.

आणि हाक आता दादाच मारायचा, स्वतःच्या खुर्चीसाठी आणि धाकट्याच्याही. मागे वळून, माणसाकडे बघून, ओळखून. "पोस्टमन, या. कॅशियरसाहेब, तुम्ही तिकडे बसा."

पण दादा दुकानात असला तरच हे. डॉक्टरांनी मान ओढून घ्यायला आठवड्यातून दोनदा दुपारी बोलावलं होतं. तेवढा वेळ दुकान एकट्या धाकट्याकडे. न बघता कुणाला बोलावलं, आणि तो उठून येऊन बसला, तर काय होतं हे दादाला माहीत नव्हतं. ते धाकट्याचं होऊ नये, एवढंच त्याला माहीत होतं. आई गेली तेव्हा धाकटा इतका लहान होता की केस कापायला खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून त्याला वर बसवावं लागे. त्याचे पहिले केस दादानेच कापले होते, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"दुपारी तेवढा फोन खणात ठेवत जा," दादा म्हणाला.

"का?"

"मी सांगतो म्हणून."

धाकट्याने कात्री खाली ठेवली. "हे बघ दादा. मान तुझी गेली. तू फोन सोडलास, तुला बरं वाटलं, आम्हाला आनंद झाला. पण आता जो भेटेल त्याला तू सोडायला लावणार का? मी काय लहान आहे?"

"लहानच आहेस मला."

"मग फळी आण आणि बसव वर." तो चिडून बोलला आणि त्याला स्वतःलाच हसू आलं. दादालाही आलं. विषय तिथेच राहिला. दादाने तो तसाच राहू दिला, कारण दोघं हसत असताना त्याला काही वाईट होईलसं वाटेना.

५

त्या दुपारी डॉक्टरांकडचं मान ओढायचं यंत्र बिघडलं होतं. दादा गेल्या पावली परत फिरला. ऊन छान होतं, रस्त्यात ओळखीचे भेटत होते, आणि तो मजेत होता. दुकानाच्या पायरीशी आला तेव्हा आतून फक्त सामन्याची कॉमेंट्री ऐकू येत होती. बाक रिकामा होता. एकही माणूस नाही.

धाकटा आपल्या खुर्चीमागे उभा राहून केस कापत होता.

त्याची नजर फोनवर होती. डावा हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, उजव्या हातात कात्री, आणि कात्री सफाईने चालली होती. दादा दारातच थांबला. आवाज बरोबर नव्हता. केसांतून जाताना कात्री करकरते. इथे ती नुसती चक चक मिटत होती. चादरीवर एक केस पडलेला नव्हता. खाली फरशीवर नव्हता. गिऱ्हाइकाच्या चादरीखाली अंगठा सावकाश वर सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता.

मग दादाला दुसरी गोष्ट दिसली. धाकटा वाकत चालला होता. हळूहळू, जसा कामात वाकतो तसाच, पण थांबत नव्हता. हनुवटी छातीला लागली होती. आणि त्याची मान जेवढी खाली जात होती, तेवढीच खुर्चीतली मान वर येत होती. आरशात काळे केस दिसत होते, त्यांच्याखाली आता कपाळाची कड आली होती.

ओरडावं, असं दादाच्या मनात आलं. पण हातात कात्री असलेल्या माणसाला दचकवायचं नाही, हे न्हाव्याच्या हाडात असतं. तो चालत गेला आणि भावाच्या दंडावर हात ठेवला. दंड गार पडला होता.

"दे इकडे. मी करतो."

"हं?" धाकटा झोपेतून उठल्यासारखा म्हणाला.

"कात्री दे. तू चहा घेऊन ये जा."

धाकट्याने कात्री दिली. आरशाकडे न बघता, खुर्चीकडे न बघता, फळीवरचा फोन उचलून त्याकडे बघतच तो पायरी उतरून गेला. दादाने त्याला जाऊ दिलं. मग तो खुर्चीमागे उभा राहिला.

कपाळ वर येत होतं. भुवया आल्या. दादाने आरशातून नजर काढली ती खाली, त्या केसांवर. इतक्या जवळून त्याने ते प्रथमच पाहिले. कुठूनही कुठेही जात होते, हवे तसे. आणि मग त्याच्या हाताने, त्याला न विचारता, दिवसातून कितीदा करतो तेच केलं. तळवा त्या डोक्यावर ठेवला आणि हलकेच दाबला.

"मान खाली ठेवा हं," दादा म्हणाला.

क्षणभर तळव्याखाली जोर लागला. मग मान खाली गेली.

दादाने केस कापले. त्याच्या हाताखाली ते कापले जात होते, गार होते आणि खाली पडल्यावर दिसत नव्हते. तो बोलत राहिला. ऊन छान पडलंय म्हणाला. डॉक्टरांचं यंत्र बिघडलंय म्हणाला. पोस्टमनच्या विजारींचा किस्सा सांगितला आणि त्याच्या लक्षात आलं की चादरीखालचा अंगठा थांबलाय. कुणीतरी ऐकत होतं. किती दिवस बाकावर बसून होता हा, आणि त्याच्याशी कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. भीती गेली नाही, पण तिच्या शेजारी दादाला त्याची दयाही आली.

मान वस्तऱ्याने साफ केली. पावडर लावली. झालं की मागे छोटा आरसा धरून "बघा" म्हणायचं असतं. दादाने तो आरसा उचललाच नाही. त्याने गाठ सोडली, चादर काढली आणि झटकायला दाराकडे तोंड केलं. पाठीमागे खुर्ची कुरकुरली. तो वळला तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि संथपणे फिरत होती.

धाकटा चहा घेऊन आला. "गेला तो?"

"गेला. कोण होता?"

"काय माहीत. मी हाक मारली, आला, बसला."

"बोलला काही?"

"कसे कापू विचारलं, तर 'तुमच्यासारखेच' म्हणाला." धाकट्याने कप ठेवला, मानेवरून हात फिरवला आणि खुर्चीत टेकला. "दादा, मान भरून आलीय रे माझी. दाबतोस जरा?"

दादा त्याची मान दाबू लागला. बारीक कापलेली, कानामागे किंचित गोल, खाली सरळ रेघ. या रेघेवरून त्याची बोटं इतकी वर्षं फिरली होती. आत्ता त्या चादरीतल्या मानेवर आपण नेमकी हीच रेघ ओढली, हे त्याला तेव्हा आठवलं. हाताला दुसरी माहीतच नव्हती.

६

त्या दिवसानंतर बाकावर तो पुन्हा बसला नाही. दादा आरशात रोज बघायचा. सगळ्या मुंड्यांना भोवरे होते. त्याचा नंबर लागला, केस कापून झाले, आता त्याने इथे यावंच कशाला? दादाच्या मनावरचं ओझं उतरलं. धाकटाही काही न बोलता दुकानात फोन खणात ठेवू लागला. गिऱ्हाइकांशी तो इतकं बोलायला लागला की दादाला मधूनमधून सांगावं लागे, बाबा रे, कात्रीही चालव.

मानही बरी झाली. डॉक्टर म्हणाले, "बघा, फोन सोडल्याचा गुण." दादा म्हणाला, "हो, चांगलाच गुण आला."

एका संध्याकाळी तो बाजारातून भाजी घेऊन घरी परतला. दिवे नुकतेच लागले होते. स्वयंपाकघरात बायको बहिणीशी फोनवर गप्पा मारत खिदळत होती. भांड्यांचा आवाज येत होता, फोडणीचा वास येत होता. दादाने चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि त्याला अगदी बरं वाटलं. हेच ते घर, हीच ती माणसं, आणखी काय पाहिजे?

बाहेरच्या खोलीत सोफ्याची पाठ दाराकडे होती. धाकटा सोफ्यावर बसला होता. दुकानात फोन बंद म्हणून घरी आल्यावर त्याचा तो हक्काचा वेळ होता, आणि दादाने तेवढी सूट दिली होती.

सोफ्यावर दोघं बसले होते.

दोन्ही माना खाली वाकलेल्या. दोन्ही बारीक कापलेल्या, कानामागे किंचित गोल, खाली सरळ रेघ. दोन्ही रेघा दादाच्या हातच्या होत्या आणि दोन्ही सारख्याच सुबक होत्या. वाकलेल्या डोक्याचा भोवरा मागून दिसत नाही. पुढे जाऊन बघता आलं असतं. दादाचं तसं धाडस झालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बघायचंही नव्हतं. फोनचा उजेड पुढे कुठेतरी होता आणि तो दोघांवर सारखाच पडला होता.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "आलात का?"

"आलो," दादा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा निघाला. सोफ्यावरच्या कुणीही वर पाहिलं नाही.

तो सोफ्याला वळसा घालून पुढे आला, डोळे फरशीवर ठेवून. त्याला चार पाय दिसले. या दोघांना एकमेकांशेजारी असं बसू द्यायचं नाही, एवढं त्याला स्वच्छ कळलं होतं.

"सरक जरा," तो म्हणाला.

दोघंही सरकले. धाकटा एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. कोण कुठल्या, हे दादाने बघितलं नाही. मधे झालेल्या जागेत तो बसला, दोघांच्या खांद्यांवर एकेक हात टाकला आणि म्हणाला, "आज दुकानात काय गंमत झाली, सांगतो."